लाइव्हवर आवाज बारीक येतोय? तो ज्याच्या नावाने मोजतात, त्या ग्रॅहम बेलची गोष्ट

लाइव्ह सुरू होतं. कॅमेरा नीट, लाइट नीट, थंबनेल झकास. आणि पहिल्याच मिनिटात कमेंटमध्ये एकच तक्रार सुरू होते. आवाज येत नाही, आवाज वाढवा. मग स्ट्रीम करणारा माणूस घाईघाईने सॉफ्टवेअरमधली आवाजाची पट्टी बघायला लागतो. पट्टी हिरवी, पिवळी, लाल. खाली आकडे उणे ६०, उणे २०, उणे ९ आणि शेवटी शून्य. त्या आकड्यांसोबत दोन अक्षरं असतात, डीबी.

डीबी म्हणजे डेसिबल. डेसि म्हणजे दहावा भाग. आणि बेल म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल. शाळेच्या पुस्तकात टेलिफोनचा शोध लावणारा म्हणून भेटतो, तोच.

पण पुस्तकात एक गोष्ट सांगायची राहून जाते. बेलच्या टेलिफोनची सगळ्यात मोठी अडचण लाइव्हवाल्यांचीच होती. फोन लागायचा, पण आवाज फार बारीक यायचा. इतका, की त्यापायी बेलची कंपनी बाजारातून उठायची वेळ आली होती. ती अडचण कशी सुटली, कोणी सोडवली आणि आवाज मोजायच्या एककाला बेलचं नाव कसं मिळालं, त्याचीच ही गोष्ट.

ऐकू कमी येणारी आई

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा. आजोबा आणि वडील दोघेही शुद्ध उच्चार शिकवणारे. वडील मेलव्हिल बेल यांनी तर एक लिपीच तयार केली होती. कुठलाही आवाज काढताना जीभ, ओठ आणि घसा कुठे असतात ते या लिपीत लिहिता यायचं. म्हणजे जी भाषा कधी ऐकलीच नाही तिचाही उच्चार लिपी वाचून करता यायचा.

आई एलिझा पियानो छान वाजवायची, चित्रं काढायची. पण तिला ऐकू फार कमी यायचं. इतर लोक तिच्याशी बोलताना कानाला लावायच्या नळीत मोठ्याने बोलायचे. बेल मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट आवाजात बोलायचा. आवाज हाडांतून कंप पावत आत जातो, हे त्याला लहानपणीच उमगलं होतं. घरी पाहुणे आले की तो आईशेजारी बसून बोटांच्या खुणांनी तिला सगळं बोलणं सांगायचा. हे बोटांचं पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

पोरं उद्योगीही होती. वडिलांनी सांगितलं म्हणून बेल आणि त्याच्या मोठ्या भावाने बोलणारं डोकं तयार केलं. रबराची जीभ आणि ओठ, खाली हवा फुंकायला भाता. त्यातून लहान बाळ आईला हाक मारतं तसा आवाज निघायचा. घरातल्या कुत्र्याचा जबडा हाताने हलवून त्याच्या गुरगुरण्यातून शब्द काढायचा प्रयोगही बेलने केला.

मग घरावर संकट आलं. १८६७ मध्ये धाकटा भाऊ क्षयाने गेला. १८७० मध्ये मोठाही गेला. बेलची तब्येतही ढासळत होती. उरलेला एकुलता एक मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडिलांनी घरदार विकलं आणि त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रँटफर्ड गावाची वाट धरली. तिथल्या हवेत बेल सावरला.

मेलेल्या माणसाचा कान

१८७१ मध्ये बेल अमेरिकेतल्या बॉस्टनला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायला गेला. १८७३ मध्ये तो बॉस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाला. दिवसा मुलांना बोलायला शिकवायचं आणि रात्री तारा, चुंबकं, बॅटऱ्या घेऊन बसायचं, असा त्याचा दिनक्रम. एकाच तारेवरून एका वेळी अनेक तारसंदेश पाठवता आले तर पैसाच पैसा होता. त्यासाठी दोन विद्यार्थ्यांच्या वडिलांनी त्याला पैसे पुरवले. एक थॉमस सँडर्स आणि दुसरे गार्डिनर हबर्ड. हबर्ड यांची मुलगी मेबल पाच वर्षांची असताना तापाने बहिरी झाली होती. बेल तिला शिकवता शिकवता तिच्या प्रेमात पडला.

१८७४ मध्ये बेलने केलेला प्रयोग आज वाचताना अंगावर काटा येतो. आवाजाची लाट कशी दिसते ते त्याला मुलांना दाखवायचं होतं. बॉस्टनच्या एका कानाच्या डॉक्टरने त्याला मृत माणसाचा कान मिळवून दिला. बेलने कानातल्या हाडांना गवताची काडी चिकटवली आणि पुढे काजळी धरलेली काच ठेवली. कानात बोललं की पडदा हलायचा, हाडं हलायची आणि काडी काचेवर नागमोडी रेघ काढायची.

कागदासारखा पातळ पडदा जर हाडं हलवू शकतो, तर थोडा मोठा पडदा लोखंडाचा तुकडाही हलवू शकेल, असा विचार त्याने केला. आणि लोखंड चुंबकाजवळ हललं की तारेत वीज उमटते. टेलिफोनची मूळ कल्पना ती हीच. आजही मायक्रोफोन म्हटला की त्यात आवाजाने हलणारा पातळ पडदा असतोच.

पुढची पायरी योगायोगाची. २ जून १८७५ ला बेल आणि त्याचा मदतनीस थॉमस वॉटसन दोन खोल्यांत बसून तारयंत्रावर काम करत होते. वॉटसनच्या यंत्रातली एक पट्टी अडकली. ती त्याने बोटाने छेडली, तर तोच टणत्कार दुसऱ्या खोलीत बेलला ऐकू आला. तारेतून नुसता खटका नाही, पूर्ण सूर जाऊ शकतो, हे त्या क्षणी सिद्ध झालं.

१४ फेब्रुवारी १८७६ ला बेलचा पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाने त्याच कल्पनेची सूचना त्याच कार्यालयात दिली. आधी कोण आणि कोणी कोणाचं पाहिलं, हा वाद तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. ७ मार्चला पेटंट बेलला मिळालं आणि १० मार्चला पहिलं वाक्य तारेतून गेलं. बेलने वॉटसनला आपल्याकडे बोलावलं आणि वॉटसन दुसऱ्या खोलीतून धावत आला.

फोन आला, पण आवाज येईना

१० मार्चला वापरलेल्या यंत्रात आम्ल मिसळलेल्या पाण्याची वाटी होती. पडद्याला लावलेली सुई त्या पाण्यात वरखाली व्हायची. आता लोकांच्या घरी आम्लाची वाटी कोण ठेवणार? म्हणून बेलने विक्रीसाठी चुंबकावरचा फोन घेतला. जून १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो याने तो कानाला लावला आणि चकित झाला. १८७७ मध्ये बेल टेलिफोन कंपनी सुरू झाली.

पण चुंबकाच्या फोनची एक मर्यादा होती. त्यात बोलण्यासाठी बॅटरी लागायची नाही. बोलणाऱ्याच्या आवाजातली जी काही ताकद असेल तिचीच वीज व्हायची. माणसाच्या आवाजात ताकद किती? अगदी चिमूटभर. त्यातली थोडी पडद्यात जायची, थोडी तारेत मुरायची आणि पलीकडे पोचायचा तो डासाच्या गुणगुणण्याएवढा आवाज. त्यात बोलायचं आणि ऐकायचं यंत्र एकच. आधी तोंडाला लावायचं, मग कानाला. लोक घसा फाटेपर्यंत ओरडायचे आणि तरी पलीकडचा पुन्हा पुन्हा विचारायचा.

लाइव्हवर आवाज बारीक येण्याचं पहिलं कारण आजही हेच असतं. उगमालाच आवाज कमी मिळतो. हेडसेट जोडलेला असतो, पण सॉफ्टवेअरमध्ये लॅपटॉपचाच माइक निवडलेला राहतो. तो दोन फूट लांब, त्यात पंख्याचा आवाज जवळ. मोकळ्या जागेत तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. खोलीत भिंतींमुळे थोडा फरक पडतो, पण हिशोब तोच. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. बरोबर माइक निवडलाय का आणि तो तोंडापासून वीतभर अंतरावर आहे का.

कोळशाने वाचवलं

ओरडून हा प्रश्न सुटणार नव्हता. उत्तर दोघांनी वेगवेगळं शोधलं आणि दोघेही बेलच्या कंपनीतले नव्हते.

एक होता एमिल बर्लिनर, जर्मनीतून आलेला तरुण. पुढे सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढणारा तो हाच. दुसरा थॉमस एडिसन. एडिसनला स्वतःला कमी ऐकू यायचं. वर्ष १८७७. दोघांची युक्ती मुळात एकच. आवाजाकडून वीज तयार करून घ्यायचीच नाही. वीज बॅटरीतून घ्यायची आणि आवाजाने तिला फक्त कमीजास्त करायचं.

नळाची चावी फिरवायला बोटाची ताकद पुरते, पण नळातून येणारं पाणी टाकीच्या जोराने येतं. तसंच हे. एडिसनने पडद्यामागे काजळीची छोटी वडी ठेवली. आवाजाने पडदा दाबला की वडी दाबली जायची आणि तिच्यातून जास्त वीज वाहायची. पडदा मागे आला की कमी. त्यामुळे तारेत जाणारा संदेश बोलणाऱ्याच्या आवाजापेक्षा कितीतरी दणकट झाला.

एडिसनचा हा माइक वेस्टर्न युनियन या बलाढ्य तार कंपनीच्या हाती गेला. तिने स्वतःची फोनसेवा काढली. आता बाजारात दोन फोन होते. बेलच्या फोनवर ओरडावं लागायचं आणि वेस्टर्न युनियनच्या फोनवर साध्या आवाजात बोलता यायचं. गिऱ्हाईक कुठे जाणार हे सांगायला नकोच. बेल कंपनीकडून फोन घेऊन चालवणारे व्यापारी तसाच माइक मिळावा म्हणून मागे लागले.

१८७८ मध्ये बेल कंपनीने बर्लिनरला नोकरीवर घेतलं. फ्रान्सिस ब्लेक नावाच्या संशोधकाने कोळशाचा एक माइक आणला होता, पण त्याचा सूर लावलेला टिकत नव्हता. बर्लिनरने तो रोजच्या वापराला टिकेल असा केला आणि कंपनी तगली. दुसरीकडे पेटंटचा खटला चालू होताच. नोव्हेंबर १८७९ मध्ये तडजोड झाली. वेस्टर्न युनियनने फोनचा धंदा सोडला आणि बदल्यात पुढची १७ वर्षं भाड्यातला २० टक्के हिस्सा घेतला. १८८२ मध्ये मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. पुढे जवळपास शंभर वर्षं जगभरच्या फोनमध्ये कोळशाचाच माइक होता.

म्हणजे फोन बेलचा, पण तो नीट ऐकू आला तो दुसऱ्यांच्या डोक्याने. हे बेलला कमीपणाचं वाटलं का? दिसत नाही तरी. तोवर त्याचं मन धंद्यातून उडालंच होतं. ११ जुलै १८७७ ला त्याने मेबलशी लग्न केलं आणि दहा शेअर स्वतःकडे ठेवून बाकी सगळे तिच्या नावावर करून टाकले. टेलिफोनच्या शोधकाची बायको टेलिफोनवर एक शब्दही ऐकू शकत नव्हती.

ज्यांच्यासाठी झटला, त्यांचाच रोष

बेल स्वतःची ओळख आधी बहिऱ्यांचा शिक्षक अशी द्यायचा, शोधक नंतर. १८७९ मध्ये त्याने माणसाला किती ऐकू येतं ते मोजणारं यंत्र केलं. १८८० मध्ये फ्रान्सकडून व्होल्टा पुरस्काराचे ५०,००० फ्रँक मिळाले, ते त्याने प्रयोगशाळेत आणि बहिरेपणाच्या अभ्यासात घातले. त्याच वर्षी त्याने उजेडाच्या किरणावरून आवाज सुमारे २१३ मीटर लांब पाठवला. १८८६ मध्ये सहा वर्षांच्या हेलन केलरला तिचे वडील त्याच्याकडे घेऊन आले. त्याने पुढचा रस्ता दाखवला आणि त्यातूनच हेलनला अ‍ॅन सलिव्हन ही शिक्षिका मिळाली.

पण याच क्षेत्रात बेलवर आजही कडक टीका होते, आणि ती बिनबुडाची नाही. बहिऱ्या मुलांनी ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावं, खुणांची भाषा शाळेतून जावी, असा त्याचा आग्रह होता. १८८३ मध्ये त्याने विद्वानांपुढे एक निबंध वाचला. बहिऱ्यांनी बहिऱ्यांशीच लग्नं केली तर माणसांची एक बहिरी जातच तयार होईल, अशी भीती त्यात होती. लग्नांवर कायद्याने बंदी घालण्याबाबत त्याला शंका होती. पण अशी मुलं एकत्र राहतात त्या निवासी शाळा, खुणांची भाषा आणि बहिरे शिक्षक कमी करावेत असं त्याने सुचवलं.

बेलचं वजन मोठं होतं. अमेरिकेत अनेक शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. मुलांचे हात थांबवले गेले आणि बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्या मुलांना ओठ वाचणं जमलं नाही त्यांच्या हाती कुठलीच भाषा पुरती आली नाही. बहिऱ्या समाजाच्या आठवणीत बेल हा टेलिफोनवाला नाही, त्यांची भाषा काढून घेणारा माणूस आहे. आईशेजारी बसून बोटांनी बोलणारा मुलगा मोठेपणी असा वागला, हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड कोडं आहे.

मैलागणिक विरणारा आवाज

इकडे टेलिफोन लांब लांब जात होता आणि जुना शत्रू पुन्हा उभा राहिला. तार जितकी लांब, तितका आवाज विरायचा. १८९२ मध्ये न्यूयॉर्क ते शिकागो लाइन सुरू झाली तेव्हा उद्घाटनाला बेलच बसला होता. पण त्यापलीकडे फार जाता येईना.

मग व्हॅक्यूम ट्यूब आली. विरत चाललेला विजेचा संदेश ती पुन्हा मोठा करायची. २५ जानेवारी १९१५ ला न्यूयॉर्कहून बेल बोलला आणि साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास लांब सॅन फ्रान्सिस्कोत वॉटसनने ऐकलं. बेलने ३९ वर्षांपूर्वीसारखंच त्याला बोलावलं. वॉटसनने आता यायला आठवडा लागेल असं कळवलं.

या लाइनवर आवाज मोठा करणारी यंत्रं वाटेत ठिकठिकाणी बसवली होती. सगळी शेवटी का नाही बसवली? कारण आवाज एकदा खरखरीत बुडाला की मोठा करताना खरखरही तेवढीच मोठी होते. लाइव्हचंही असंच आहे. माइक लांब ठेवून आवाज कमी घ्यायचा आणि मग सॉफ्टवेअरमध्ये गेन चढवायचा, तर पंखा, रस्ता, शेजारचा कुकर सगळंच चढतं. आधी अंतर, मग कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमधली माइकची पातळी आणि सगळ्यात शेवटी स्ट्रीमिंग सॉफ्टवेअरचा गेन, हा क्रम म्हणूनच मोडायचा नाही.

एक मिनिट शांतता

उतारवय बेलने कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक गावाजवळ आपल्या डोंगरावरच्या घरात घालवलं. पतंग केले, विमानं केली. १९०९ मध्ये त्याच्या गटाचं विमान तिथल्या गोठलेल्या तळ्यावरून उडालं. १९१९ मध्ये त्याच्या बोटीने पाण्यावर ताशी सुमारे ११४ किलोमीटर वेग गाठला.

२ ऑगस्ट १९२२ ला मधुमेहाच्या आजाराने तो गेला. शेवटच्या घटकेला मेबलने सोडून जाऊ नकोस म्हणून विनवलं, तेव्हा त्याने बोटांच्या खुणेनेच नाही असं उत्तर दिलं, अशी नोंद त्याच्या चरित्रांत आहे. आयुष्यभर ज्या भाषेला विरोध केला, तीच शेवटी कामी आली. दोन दिवसांनी अंत्यसंस्काराच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले.

आणि डेसिबल?

बेलला डेसिबल हा शब्द कधी कळलाच नाही. तेव्हा टेलिफोनचे इंजिनिअर आवाजाची घट मैलात मोजायचे. ठरावीक जातीच्या एक मैल तारेत आवाज जेवढा विरतो, तेवढं एक माप. कानाला जेमतेम जाणवेल एवढाच तो फरक असायचा. १९२४ मध्ये बेल कंपनीच्या इंजिनिअरांनी त्याऐवजी गणितावर आधारलेलं नवं एकक आणलं. १९२८ मध्ये त्याला संस्थापकाच्या नावावरून डेसिबल म्हणायचं ठरलं. म्हणजे हे माप मुळात जन्मलं तेच वाटेत किती आवाज हरवला ते सांगायला.

म्हणून डेसिबल हा नेहमी तुलनेचा आकडा असतो. ३ डेसिबल वाढले की ताकद दुप्पट. १० वाढले की दहापट, पण कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. कॉम्प्युटरमध्ये शून्य हे छत. त्याच्यावर आवाज जाऊ शकत नाही, गेला तर फाटतो. म्हणून सगळे आकडे उणे.

ओबीएसच्या पट्टीवर उणे २० पर्यंत हिरवं, उणे २० ते उणे ९ पिवळं आणि पुढे लाल असतं. नेहमीच्या बोलण्यात पट्टी पिवळ्यात खेळत राहिली की प्रेक्षकांना आवाज नीट जातो. कायम हिरव्यात खाली पडून असेल तर कमेंट येणारच. मध्येच हसताना, ओरडताना ती लालच्या टोकाला आदळत असेल, तर कॉम्प्रेसर लावून मोठा आवाज आवरायचा आणि लिमिटर लावून छताला धडकण्याआधी थांबवायचा. माइक ठीक असून फक्त गाणं किंवा गेम बारीक जात असेल, तर विंडोजच्या साउंडमधला कम्युनिकेशन्स हा भाग उघडायचा. कॉल सुरू होताच बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायची सोय तिथे असते, ती बंद करायची.

आणि लाइव्ह जाण्याआधी एक मिनिट रेकॉर्ड करून ते फोनवर ऐकायचं. स्वतःच्या हेडफोनमध्ये जे ऐकू येतं ते पलीकडे पोचलेलंच असतं असं नाही. बेलने पहिल्या दिवशी वॉटसनला दुसऱ्या खोलीत बसवलं होतं ते काही उगीच नाही.